बिरा, टाळ्या का वाजवल्यास?

बिरा,

तू गेल्याला आज सतरा दिवस झाले आणि मी अजून तुझ्यावर जळतोय. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये हे मला कळतं. मी अकरावी-बारावीला मराठी शिकवतो. शोकात कोणते शब्द शोभतात हे मुलांना मीच सांगत असतो. पण तुला पोचवायला आलेली गर्दी बघितली आणि तिथंच, खांद्यावर टॉवेल, पायात चप्पल नाही, अशा अवस्थेत माझ्या पोटात दुखलं. मिक्सर आणि गिझर दुरुस्त करणारा माणूस तू. सांगलीच्या विश्रामबागेतली निम्मी घरं तुझ्यासाठी उन्हात उभी होती. माझ्या व्याख्यानाला सावलीत, खुर्च्या मांडून, वर चहा देऊनही तेवीस माणसं आली होती. त्यातला एक तू होतास.

त्या व्याख्यानाकडं येणारच आहे. त्याच्या आधी एक कबुली. चार वर्षांपूर्वी एका दुपारी तुझ्या दुकानात मी एक वाक्य बोललो. त्या वाक्यानं तुझा खेळ कायमचा मोडला, अशी माझी परवापर्यंत पक्की समजूत होती. ती समजूत घेऊन मी तुझ्या मातीला आलो, दहाव्याला आलो, तेराव्याला जेवलो. परवा वहिनींकडं गेलो आणि तीही समजूत माझ्याकडं राहिली नाही. हे पत्र त्याचं आहे.

तो खेळाचा डबा, पोरं व्हिडिओ गेम म्हणतात तो, तुझ्याकडं दुरुस्तीलाच आला होता. इंजिनिअरिंगच्या कुणा पोरानं आणून दिला, मग त्याला लांब कुठं नोकरी लागली आणि फोनवर तो म्हणाला, काका, तुम्हीच ठेवा. डबा दुरुस्त झाला. आत एक चकती अडकली होती, ती तुला मिळाली. तू तो एका जुन्या टीव्हीला जोडलास, मिक्सरच्या भांड्यांच्या फळीखाली. सगळ्या जगात हजारो खेळ असतील, तुझ्या वाट्याला एक आला. आणि तो नेमका माझ्या कादंबरीवरचा असावा, हे माझं नशीब.

माझी म्हणजे मी लिहिलेली नव्हे. पण तीन वेळा वाचलेली, मराठी अनुवाद, खाकी कव्हर घालून कपाटात ठेवलेली. डोंगरी मुलखातला एक धाकटा भाऊ थोरल्या बहिणीला शोधायला निघतो. नदीपलीकडच्या किल्ल्यातल्या सरदारानं तिला उचलून नेलंय. शेवटून दुसऱ्या प्रकरणात ती सुटते, पूल ओलांडते आणि अलीकडच्या काठाला पाय टेकताच मरते. ते प्रकरण वाचून मी तिन्ही वेळा रडलो होतो. त्या रडण्याचा मला अभिमान होता.

पहिल्या दिवशी मी तुझ्याकडं चटणीचं भांडं न्यायला आलो होतो. पडद्याकडं बघितलं आणि म्हणालो, "ही नदी चुकीची आहे."

तू मानही वळवली नाहीस. "कशावरनं?"

"पुस्तकात रुंद आहे."

"किती फूट लिवलंय?"

घरी जाऊन शोधलं. फूट सोड, रुंद हा शब्दही नव्हता. नुसती नदी होती. मी तीन वेळा वाचताना तिच्या जागी सांगलीच्या घाटावरची श्रावणातली कृष्णा वाहती ठेवली होती, गढूळ, पलीकडचं झाड वाहून आणणारी. तुझ्या पडद्यावर ती अरुंद, हिरवट, तळाचे गोटे दिसणारी. त्यानंतर पुस्तक उघडलं की तुझीच नदी. माझी कृष्णा गेली ती गेली. मी तुझ्याकडं रीतसर तक्रार केली, तर म्हणालास, "मग पुन्ना वाच की मास्तर." जणू नदी म्हणजे एसटीत राहिलेली छत्री, डेपोत जाऊन विचारलं की मिळते.

हेवा तिथून सुरू झाला. मी ज्या गावाबाहेर उभा राहून तीन वेळा आत डोकावलो होतो, त्या गावात तू न विचारता शिरून, चप्पल काढून बसला होतास.

आणि आत जाऊन केलंस काय, तर मेंढरं वळलीस. त्या खेळातल्या पहिल्या गावाच्या कडेला मेंढरं होती. बनवणाऱ्यानं ती शोभेला ठेवलेली. बाकी सगळं जग तलवार घेऊन पुढं पळत असणार. तुला कळलं की मागून हळू चालत गेलं तर ती सरकतात. आटपाडीकडचा तू. दहावीपर्यंत वडलांच्या मेंढरांमागं दरवर्षी कराडवरून कोकणच्या तोंडापर्यंत चाललेला. आयटीआयला सांगलीत आलास तेव्हा पायात पहिल्यांदा बूट घातलेस, हे तूच सांगितलं होतंस. तर तू ती मेंढरं आधी पाण्यावर नेलीस, मग वाऱ्याच्या आडोशाला. मग तुझ्या डोक्यात आलं, नदीपलीकडं चारा बरा दिसतोय. झालं. पूल अरुंद, लाकडी. पुढचं मेंढरू फळीवर पाय ठेवायचं आणि माघारी वळायचं. आठवडेच्या आठवडे.

मला ते बघवेना. "अरे, तुझी बहीण किल्ल्यात आहे आणि तू मेंढरं राखत बसलायस?"

"ती कुठं जात न्हाई," तू म्हणालास. "मी गेल्याबिगार तितलं कायबी हालत न्हाई. हितं मेंढरं तान्हेली हायत."

मी तुला समजावलं की पुस्तकात असं नसतं. पुस्तक खाली ठेवून आपण चहा प्यायला गेलो तरी तिथं तिचं मरण जवळ येत असतं, कारण ते लिहून झालेलं असतं. तू सोल्डरिंगचा धूर फुंकलास आणि म्हणालास, "मग चहाला जाऊ ने."  मी भांडं घेऊन घरी आलो. झाकण तुझ्याकडंच विसरलो.

लोकांना कळत गेलं. शेजारचे बेकरीवाले इस्माईलभाई दुपारी खारी घेऊन येऊन बसायचे. मेंढरं बघायला. "बिरा, काळी मागं राहिली बघ," असं ते पडद्याकडं बोट करून सांगायचे आणि तू खेळातल्या भावाला माघारी वळवून त्या काळीपाशी न्यायचास. ज्यांनी जन्मात कादंबरी हातात धरली नाही, ते माझ्या कादंबरीत माझ्या आधी वस्तीला. पंचवीस वर्षं मी वर्गात गोष्टी सांगतोय. मागच्या बाकाची मान कधी एकदम वर आलेली नाही. तुझ्या मागं स्टुलावर जागा मिळायची नाही.

मलाही एकदा खेळायला दिलंस, आठवतं? तो हातातला रिमोट मी कृष्णेत बुडणाऱ्यानं लाकूड धरावं तसा धरला होता. भाऊ दोन वेळा नदीत गेला, एकदा बराच वेळ आभाळाकडंच बघत राहिला. मग एक मेंढरू जवळ आलं. मला वाटलं ते बटण बोलण्याचं आहे. ते तलवारीचं निघालं. इस्माईलभाईंची खारी हातातल्या हातात मोडली.  रिमोट घेतलास, मागच्या जागेवरून खेळ पुन्हा सुरू केलास, मेंढरं मोजलीस, बरोबर भरली. पुस्तकात मेलेलं कुणी असं भरून येत नाही, हे मनात आलं आणि तेही मी तुझ्याच नावावर मांडलं.

मग ती दुपार. मी आत आलो तर दुकानात आनंदीआनंद. पुढची अकरा मेंढरं पुलावरून पलीकडं गेली होती. इस्माईलभाई उभे राहिले होते. गिझर घेऊन आलेली एक बाई गिझर विसरून उभी होती. मी आलेलो कुणी बघितलं नाही. तेवढंच कारण, बिरा. दुसरं कुठलंही देता येत नाही.

मी म्हणालो, "काय उपयोग? शेवटी ती मरतेच. पूल ओलांडून येते आणि काठावर मरते. शेवटून दुसरं प्रकरण."

 बाईंनी गिझर उचलला. तू पडद्याकडं बघत म्हणालास, "हां का." आणि पलीकडं गेलेली मेंढरं अलीकडं वळवलीस.

त्यानंतर तुला किल्ल्याच्या वाटेवर मी कधीच बघितलं नाही. गाव, पाणी, पूल, परत गाव. मला कळून चुकलं, मी तुझ्या हातातून गोष्ट काढून घेतली. प्रायश्चित्त म्हणून काय करावं, तर तेच पुस्तक तुला वाचायला दिलं. वर सांगितलं, वाच, म्हणजे कळेल ती किती सुंदर मरते. असल्या प्रायश्चित्ताला काय म्हणावं. तू "बघू" म्हणून ते भांड्यांच्या फळीवर ठेवलंस. पुढं कधी विचारलं की "चाललंय" म्हणायचास. मी ओळखलं की कव्हरसुद्धा उघडलेलं नाही.

सिनेमा आला तेव्हा मीच तुला ओढलं. सांगलीतून तो चार दिवसांत उतरला म्हणून आपण कराडला गेलो. हिंदीतून बोलणारा भाऊ, दाढी केलेला सरदार. त्यांनी बहिणीला काठापर्यंतसुद्धा येऊ दिलं नाही. किल्ल्याच्या पायरीवरच, भावाच्या मांडीवर, व्हायोलिनवर मारलं. मी रडलो, सवयीनं. तू मात्र खुर्चीत डावीकडं-उजवीकडं सरकत होतास. मी विचारलं, ढेकूण आहेत का? तर म्हणालास, "त्या टेकाडामागं काय हाय ते बघायचंय. त्यो दाखवतच न्हाई. मान धरल्यागत वाटतंय गड्या."

पुस्तकात नदी तरी माझी मी आणली होती. सिनेमात आणायला जागाच नव्हती. हे मला कळायला पुढं दोन वर्षं आणि एक व्याख्यान लागलं. तुला तिकिटाचा तुकडा हातात असतानाच कळलं.

एसटीला वेळ होता म्हणून तू मला कृष्णेच्या पुलावर नेलंस. विट्याकडून येणारी तुमची मेंढरं याच पुलावरून जायची. तू आठ वर्षांचा असताना एक लंगडी मेंढी पुलाच्या मध्यावर बसली. दोन्ही बाजूंनी ट्रक, एसट्या, भोंगे. ड्रायव्हर शिव्या देतायत. तुझे आप्पा काठी आडवी धरून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मेंढीला ओढलं नाही, उचललं नाही. तिला उठायचं होतं तेव्हा ती उठली आणि तिच्या चालीनं गेली. मग आप्पांनी काठी उभी केली.

"आपसूक कोण थांबत न्हाई मास्तर," तू म्हणालास. "थांबवावं लागतं."

मी हूं म्हणालो. माझं लक्ष पुलाच्या तोंडाशी कणसं भाजत होता त्याच्याकडं होतं. माझे वडील साताऱ्यात पोस्टात होते. त्यांनी जन्मात सायकलसुद्धा अडवली नाही. समोरून कुणी आलं तर आधी आपणच गटारीच्या कडेला. पूल, काठी, अडलेल्या एसट्या, असलं काही आमच्याकडून मला मिळालेलं नाही. कणीस खाताना मी त्याचाही हेवा केला.

आता व्याख्यान. वाचनालयानं बोलवलं, विषय मीच दिला, पुस्तक, पडदा आणि खेळ. माझी तयारी बघ: पुस्तक तीन वेळा, सिनेमा एकदा, खेळ दहा मिनिटं आणि एक मेंढरू. तरी मी खणखणीत आवाजात म्हणालो की माध्यम बदललं तरी नियती बदलत नाही. पुस्तक असो, पडदा असो वा खेळ, तिन्हींत बहिणीचा मृत्यू अटळ आहे. मागच्या रांगेत कॉलेजच्या दोन मुली हसल्या. मी थांबलो. चष्म्यावरून त्यांच्याकडं बघितलं आणि आजच्या पिढीला मृत्यूचंही हसू येतं, असं म्हणालो. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत तू होतास, इस्त्रीचा शर्ट घालून. सगळ्यांच्या थांबल्यावरही तुझ्या दोन टाळ्या जास्त पडल्या.

परवा वहिनींकडं गेलो ते भेटायला, असं म्हणून गेलो. खरं कारण डबा. तुझा अर्धा राहिलेला खेळ आपण पुरा करायचा, बहिणीला निदान काठापर्यंत आणायचं, मग मरू दे तिला. वाटेत वाक्य पाठ केलं. त्यात ऋण हा शब्दही होता. प्रत्यक्षात एवढंच निघालं, "वहिनी, बिराचा खेळ माझ्यामुळं अर्धा राहिला. तो मी पुरा करीन म्हणतो."

त्यांनी पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. मी उठून पाणी आणायला निघालो, तर त्या हसत होत्या.

"अर्धा कुटला भावजी? कवाच संपला. शेवट मीच केला."

मी परत बसलो. त्या सांगत गेल्या. दुपारी जेवण झालं की शटर अर्धं खाली करून तुम्ही दोघं बसायचात. मेंढरं तुझी, मारामारी त्यांची. तुला ती जमायची नाही. कुणावर हात उचलायची वेळ आली की तू रिमोट त्यांच्याकडं द्यायचास आणि चहा ठेवायला उठायचास. किल्ल्याचे तिन्ही मजले वहिनींनी काढले. सरदाराला तीन दिवस लागले.

"आणि बहीण?"

"आली की. ती बरी मरंल. पुलावर आली तर म्होरं ह्येंची मेंढरं हुबी, वाटच देईनात. मंग काळीला बाजूला घेतली, तवा गेली घरला. खेळ संपला तरी मेंढरं तितंच ऱ्हातात, ती ह्ये राखत बसायचे."

हे सगळं कधी, असं मी विचारलं. त्यांनी आठवून सांगितलं. मी ते वाक्य बोललो त्याच्या आधीच्या पावसाळ्यात.

म्हणजे तुला ठाऊक होतं, बिरा. "हां का" म्हणालास तेव्हा ठाऊक होतं. सिनेमात ठाऊक होतं. पहिल्या रांगेत बसून मी नियती नियती करत होतो, त्या पोरी हसत होत्या आणि तुला ठाऊक होतं. मग मेंढरं माघारी का वळवलीस त्या दुपारी? मी त्यावर चार वर्षं झुरलो. वहिनींना विचारलं, तर म्हणाल्या, "काळी मागं राहिली आसंल."

"पण मला सांगायचं नाही का त्यानं?"

"मी म्हटलं हुतं, सांगा की मास्तरास्नी. तर म्हणले, नगं. त्यो लय वाचतो. त्याला वाईट वाटंल."

यावर कुणी रडलं असतं. मीही रडलो, पण नंतर, रस्त्यावर. आधी नुसता जळफळाट झाला. एक गोष्ट माझी होती, तुझ्यावर अन्याय केल्याची. मी ती चार वर्षं जपली, तिच्यासाठी पडेल चेहऱ्यानं तुझ्या दुकानात आलो, भांडी फुटली नसतानाही आणली. तू तीही हळूच माझ्याकडून काढून घेतलीस, आणि मला कळू न देता. दिलदारीतसुद्धा पुढं. माणसानं किती पुढं असावं?

डबा वहिनींनी दिला नाही. त्यांचा दुसऱ्यांदा चाललाय. आता मेंढरंही त्याच राखतात. इस्माईलभाई येतात. मी म्हटलं, मीपण येत जाऊ का? त्या म्हणाल्या, या की, पर हात लावायचा न्हाई.

निघताना त्यांनी पुस्तक परत दिलं. खाकी कव्हरला तेलाचे डाग, बोटांच्या खुणा. आत एका पानाशी काळ्या लोकरीचा धागा, घोंगडीतला असावा. वहिनी म्हणाल्या, दोन वर्षं वाचत होतास. दिवसाला एक पान, कधी अर्धं, ओठ हलवत. या पानापर्यंत आलास आणि थांबलास. त्यांनी विचारलं, पुढं? तू म्हणालास, "हितंच बरं हाय. ती आजून पुलावर हाय."

शेवटून दुसरं प्रकरण. ती सुटली आहे, फळीवर तिचा पाय आहे. ती मरायला अजून दोन पानं आहेत. तू तिथं तुझ्या आप्पांसारखा उभा राहिलास. आणि मी तुला पुस्तक थांबत नाही म्हणून शिकवत होतो. मी तिला तीन वेळा ढकलत काठापर्यंत आणलं, बिरा, आणि वर रडलो म्हणून मिरवलं.

त्या टाळ्या मला अजून उलगडल्या नाहीत. दोन जास्तीच्या. चेष्टा होती की माझी बाजू सांभाळलीस? तुझा चेहरा आठवून बघतो. त्यावर काहीच दिसत नाही. मिक्सर उघडल्यावर दिसायचा तसा, बरा होईल म्हणणारा.

कालपासून चौथ्यांदा वाचायला घेतलंय. नदी तुझीच आहे, अरुंद, गोट्यांची. आता मी तक्रार करत नाही. पुस्तकात एकही मेंढरू नाही, तरी पुलाच्या तोंडाशी ती उभी दिसतात, आणि काळी मागं. आज दुपारी धाग्यापाशी आलो. ती फळीवर होती. पुस्तक मिटलं, धागा आत तसाच ठेवला, चहाला उठलो.

थांबलो, बिरा. पण पुढची दोन पानं मला पाठ आहेत. तुला नव्हती.